सात नंबरचं कुलूप

देव भेटावा म्हणून लोक काय काय करतात. उपास करतात, डोंगर चढतात, रडून डोळे सुजवतात. मी यातलं काहीही केलं नव्हतं. मंगळवारी सकाळी साडेअकराला मी कागदाच्या कारखान्यातल्या प्रशिक्षणाच्या खोलीत, फळ्यासमोर उभा राहून नव्या कामगारांना खोटं शिकवत होतो, आणि तो मागच्या बाकावर येऊन बसला. तेवीस वर्षं दर रविवारी चर्चमध्ये मी त्याला ‘ये प्रभू, ये’ म्हणत होतो, तेव्हा इकडे फिरकला नाही. आला तो नेमका कामाच्या वेळी.

पण आधी ते खोटं काय होतं ते सांगतो, नाहीतर तुम्ही देवालाच बोल लावाल.

आमच्याकडे रद्दीचा लगदा करायची एक टाकी आहे, दोन पुरुष खोल. तळाशी पातं फिरतं. पातं बोथट झालं की फिटर शिडीने आत उतरून ते बदलतो. तो आत असताना बाहेरून कोणी बटण दाबू नये म्हणून नियम असा, की उतरण्याआधी ज्याने त्याने आपलं कुलूप मेन स्विचला लावायचं आणि किल्ली आपल्याच खिशात ठेवायची. प्रत्येकाचं कुलूप वेगळं, त्यावर नंबर कोरलेला. कुलूप लटकतंय तोवर यंत्राला हात लावायचा नाही. नियम साधा आहे, पण माणसं दमलेली असतात. काम झालं की वर येतात, कुलूप काढायचं विसरतात आणि किल्ली खिशात घालून घरी जातात. महिन्यातून एकदा तरी हे व्हायचंच. मग फोरमनने, म्हणजे मी, शिडी चढून टाकीत डोकवायचं, त्या माणसाच्या घरी फोन करायचा, कागदावर सही करायची, आणि त्यानंतरच कटरने कुलूप तोडायचं.

दोन वर्षांपूर्वी एका शनिवारी, शिफ्ट सुटून वीस मिनिटं झाली तरी स्विचला सात नंबरचं कुलूप लटकत होतं. सात नंबर म्हणजे आमचा प्रोफेसर. होता फिटरच, पण विसरभोळा म्हणून सगळे त्याला प्रोफेसर म्हणायचे. छत्री विसरायचा, चष्मा कपाळावर ठेवून शोधत फिरायचा, आणि कुलूप तर त्याने आजवर चारदा लटकत ठेवलं होतं. मी त्याच्या खुंटीकडे पाहिलं. कोट नव्हता, डबा नव्हता. म्हटलं, गेले आमचे प्रोफेसर, पाचव्यांदा. शिडीच्या नऊ पायऱ्या होत्या. पुढच्या पाळीला यंत्र चालू करून दिल्याशिवाय निघता येत नव्हतं, आणि मला घाई होती. मी कटर आणला, कुलूप तोडलं आणि बटण दाबलं.

डबा तो त्या दिवशी घरीच विसरला होता. कोट टाकीतल्या गारठ्यामुळे अंगात होता.

यंत्र मी चार सेकंदांत बंद केलं. यापुढचं सांगत नाही.

माणसं गोळा व्हायच्या आत मी तुटलेलं कुलूप भंगाराच्या गाडीत टाकलं. गाडी संध्याकाळी गेली, वितळायला. चौकशीत मी सांगितलं, स्विच मोकळा होता म्हणून बटण दाबलं. त्याच्या खिशात किल्ली सापडली, कुलूप कुठे मिळालं नाही. मॅनेजरसाहेबांनी निष्कर्ष काढला की या बाबाने कुलूप कुठेतरी हरवलं असणार आणि तसाच आत उतरला असणार. विसरभोळाच तो. सगळ्यांनी माना डोलावल्या, मीही डोलावली. आणि मग कंपनीला सुचलं, की नव्या माणसांना कुलपाचा धडा द्यायचा तर तो फोरमननेच द्यावा, त्याच्या डोळ्यांदेखत घडलंय. तेव्हापासून महिन्यातून दोनदा मी फळ्यावर टाकी काढायचो, स्विच काढायचो, आणि म्हणायचो, “आमचा एक माणूस फक्त एक गोष्ट विसरला.”

त्या मंगळवारी हे वाक्य तोंडातून निघालं आणि मागच्या बाकावर कोणीतरी असल्याचं मला कळलं. बाक रिकामा होता. कसा दिसत होता असं विचारू नका, दिसला नाहीच. अंधाऱ्या खोलीत कोणी बसलेलं असलं की आपल्याला कळतं ना, तसं कळलं, फक्त खोलीत लख्ख उजेड होता. रागावलेला नव्हता. रागावला असता तर मी भांडलो असतो, भांडण मला चांगलं जमतं. तो एवढंच म्हणाला, “मी आत होतो.”

कशाच्या आत, हे त्याला सांगावं लागलं नाही. मी इतके दिवस समजत होतो की त्या दुपारी देव कुठेतरी वर होता, नाहीतर माझ्या बाजूला होता, मी चर्चच्या मंडळीतला वडील, म्हणजे कारभार पाहणाऱ्या ज्येष्ठांपैकी एक, उपासनेत शास्त्र वाचणारा माणूस. तो टाकीत होता. कोट घालून, पाना हातात धरून, बाहेर कुलूप आहे या भरवशावर.

समोरची आठ माणसं वहीत पेन टेकवून थांबली होती. एक खोकला. मी फळा पुसला आणि सांगितलं, आज इतकंच.

घरी बायकोला सांगितलं. तिने पहिल्यांदा माझ्या कपाळाला हात लावून पाहिला. मग कुलपाचं सगळं सांगितलं तेव्हा हात काढून घेतला. घर कंपनीचं, अठरा वर्षं त्यात तिने संसार केला, भिंतींना तिच्या हातचा रंग आहे. सांगून तो परत येणार आहे का, तिने विचारलं. नाही, मी म्हटलं. झाकली मूठ सव्वा लाखाची, दोन वर्षं झाकलीत तशी अजून दहा झाका, मग निवृत्त व्हाल, ती म्हणाली. मग तिचा आवाज चढला.

“तुमच्या देवाला मोडायला माझंच घर सापडलं का?”

तुमचा देव म्हणाली. रविवारी माझ्या शेजारी बसून हीच बाई डोळे मिटून आमेन म्हणते. पण मला तिचा राग आला नाही. तिचं चुकत नव्हतं.

मग चर्चमध्ये, पाळकसाहेबांकडे गेलो. वाटलं, हा तरी माणूस म्हणेल की जा, सांग, मी तुझ्याबरोबर येतो. दर रविवारी तेच तर सांगतात, वधस्तंभ उचला म्हणून. त्यांनी दार लावून घेतलं, माझ्या खांद्यावर हात ठेवून लांबलचक प्रार्थना केली आणि म्हणाले, प्रभूने तुम्हाला क्षमा केली आहे, आता जे पुरलंय ते उकरू नका. मी म्हटलं, क्षमा मी मागितलेलीच नाही अजून, आणि मागायची ती त्या म्हातारीकडे. यावर ते जरा ताठ झाले. मंडळीचं नाव खराब होईल, म्हणाले. चर्चचे नवे बाक कारखान्याने दिलेत हे त्यांनी बोलून दाखवलं नाही, पण आम्ही दोघंही त्या बाकांवरच बसलो होतो. निघताना त्यांनी सुचवलं की काही दिवस विश्रांती घ्या, शास्त्राचं वाचन दुसऱ्या कोणाला देतो.

म्हातारी म्हणजे प्रोफेसरची आई. नवरा कधीच गेलेला, हा एकुलता एक. मी तिला मावशी म्हणायचो आणि दर रविवारी उपासना सुटली की तिच्याकडे जायचो. तिचा नळ दुरुस्त केला, औषधं आणून दिली, खिडकीची काच बसवली. शेजारी म्हणायचे, माणूस असावा तर असा. चोराच्या मनात चांदणं, दुसरं काय. तिने मुलाचा फोटो कपाटात कपड्यांखाली ठेवला होता. भिंतीवर का लावत नाही असं मी एकदा विचारलं होतं, तर म्हणाली, त्याचं तोंड पाहिलं की राग येतो. पाटी विसरला, वह्या विसरला, त्यासाठी मी त्याला मारलं, पण जीव कसा विसरला मेला?

गुरुवारी तिच्या दारात उभा राहिलो. रविवार नसताना कसे आलात, तिने विचारलं आणि पाण्याचा पेला पुढे केला. मी पाणी घेतलं नाही. उभ्या उभ्याच सांगून टाकलं, कुलूप, खुंटी, कटर, भंगाराची गाडी.

तिने पेला जमिनीवर ठेवला.

“लावलं होतं त्याने?”

“हो, मावशी.”

“नीट लावलं होतं?”

“नीट लावलं होतं.”

ती भिंतीला धरून उठली, कपाट उघडलं आणि माझ्याकडे पाठ करून उभी राहिली. तशीच म्हणाली, “जा.” मी गेलो.

नंतरचं सगळं मी समजत होतो त्यापेक्षा वाईट झालं, कारण काहीच झालं नाही. मॅनेजरसाहेबांनी माझं म्हणणं ऐकून घेतलं, डॉक्टरला बोलावलं, आणि अपघाताच्या धक्क्याने माझ्या डोक्यावर परिणाम झाल्याचं कागदावर आलं. मला आजारी म्हणून घरी बसवलं आणि घर महिन्याभरात सोडायला सांगितलं. कुलपाचा वर्ग आता दुसरा फोरमन घेतो, तेच वाक्य म्हणतो. बायको भावाकडे गेली. जाताना माझे दोन शर्ट इस्त्री करून ठेवले आणि घराची किल्ली शेजाऱ्यांकडे दिली, माझ्या हातात दिली नाही. पोलीस ठाण्यात अंमलदाराने मला दीड तास बसवलं आणि मग समजावलं, की प्रकरण बंद झालंय, पुरावा नाही, आईचा अर्ज आणा, मग बघू. लोकांना ठाण्यातून सुटायची घाई असते, तुम्हाला आत यायची दिसते, असंही म्हणाला. त्याचं खरं होतं. मला तुरुंग हवा होता. तिथे दिवस मोजता येतात, आणि कधीतरी ते संपतात.

अर्ज लिहून मी मावशीकडे नेला. फोटो आता भिंतीवर होता. तिने कागद डोळ्यांजवळ धरून प्रत्येक ओळ वाचली आणि सही केली. माझ्या पोराचं नाव धुऊन निघू दे, म्हणाली. मी उठू लागलो तेव्हा तिने मला बसायला सांगितलं.

“माझं वय शहात्तर. दोन वर्षं मी पोरावर राग काढला, ती वाया गेली. आता तुमच्यावर राग काढायला मला कितीशी वर्षं उरली?”

मी अर्जाची घडी करून खिशात घातली.

“दर रविवारी यायचं,” ती म्हणाली. “इथे बसायचं आणि पहिल्यापासून सांगायचं. मी आहे तोवर.”

अर्ज मी ठाण्यात दिला, तिथे तो पडून राहिला. रविवारची सकाळी दहाची वेळ तिनेच ठरवली, चर्चची वेळ. तशीही मंडळीत माझी जागा उरली नव्हती. वडिलांच्या यादीतून माझं नाव काढल्याची चिठ्ठी आली होती, खाली ‘प्रभूच्या प्रेमात’ असं लिहून पाळकसाहेबांची सही होती. मी दहाला जायचो, फोटोसमोरच्या खुर्चीवर बसायचो आणि सांगायचो. पहिल्या रविवारी बारा मिनिटांत संपलं. ती म्हणाली, खुंटीपासून पुन्हा सांगा. मला वाटायचं, तो मागच्या बाकावरचा आता माझ्या शेजारी येऊन बसेल, त्याच्या शब्दाखातर मी घर, बायको, नोकरी, सगळ्यावर पाणी सोडलं होतं. एवढं तरी त्याने करायला हवं होतं. तो आला नाही.

चौथ्या रविवारी मी नऊ पायऱ्यांपाशी पोचलो आणि तिने हात वर केला.

“घाई होती म्हणता दर वेळेला. कशाची?”

हे मी कोणालाच सांगितलं नव्हतं. बायकोला नाही, पोलिसाला नाही.

“चर्चमध्ये गाण्याचा सराव होता,” मी म्हणालो. “तीनला. उशीर झाला की बाकीचे खोळंबतात.”

ती फोटोकडे बघत राहिली. मग म्हणाली, “कोणतं गाणं?”

मी सांगितलं. मेंढपाळ हरवलेल्याला शोधायला निघतो, असं ते गाणं.

“म्हणा.”

“मावशी, मी खालच्या पट्टीत गातो. माझ्या वाट्याला चाल येत नाही. चाल दुसरे म्हणतात, मी नुसता खालून सूर धरतो. एकट्याने म्हटलं तर ते गाण्यासारखं लागत नाही.”

“तुमच्या वाट्याचं तेवढं म्हणा.”

मी म्हटलं. चालीशिवाय ते नुसतं कण्हल्यासारखं वाटत होतं, दोन सूर खाली, एक वर, पुन्हा तेच. कडवं संपलं. तिने हाताने खूण केली, पुढचं. दुसऱ्या कडव्यात मला कळलं की तो खोलीत आला आहे. लख्ख उजेड होता, आणि मला पक्कं कळत होतं. तो तिच्या बाजूला बसला होता, भिंतीवरच्या फोटोखाली. दोघंही ऐकत होते. थांब असं कोणीच म्हणालं नाही.