कामठीहून आणलेला कॅमेरा

सुनेचं एक वागणं जिजाबाईला कधीच पटलं नाही. अनुसया उलटून बोलत नसे. काहीही सुनवा, ती पदर सारखा करून "हव, आत्याबाई" म्हणायची आणि हातातल्या कामाला लागायची. जिजाबाईच्या जिभेला नागपूरची अर्धी इतवारी पेठ वचकून होती. भाजीवाल्या तिच्या पिशवीत न मागता मूठभर सांभार, म्हणजे कोथिंबीर, जास्त टाकत. अशा बाईला घरातच भांडायला कोणी मिळू नये म्हणजे रोज अळणी वरण जेवण्यासारखं.

"बायको आणली का भिंत?" ती मुलाला, जागेश्वरला, विचारायची. "भिंतीवर डोकं आपटलं तं निदान आवाज येते."

घर कोष्ट्यांचं. पण जिजाबाईचा नवरा रुपराव यानं तरुणपणीच माग सोडला आणि फोटोचं दुकान थाटलं. त्याचा सागवानी कॅमेरा म्हणजे लहानसं कपाटच. पुढे पितळेचं भिंग, मागे चामड्याचा भाता, त्यामागे काळं फडकं. रुपराव जाऊन नऊ वर्षं झाली होती, तरी दसऱ्याला मागाची पूजा करावी तशी जिजाबाई त्या कॅमेऱ्याला हळदकुंकू वाहायची. अक्षरओळख तिला आपल्या नावापुरतीच. पण अंधाऱ्या खोलीत फोटोच्या काचा भरायचं काम तिचंच. काचेचा कोपरा खालच्या ओठाला टेकवायचा; जी बाजू ओठाला चिकटल्यासारखी वाटेल, ती फोटो उमटणाऱ्या मसाल्याची. मग तीच बाजू पुढे करून काच चपट्या लाकडी पेटीत सरकवायची आणि ती पेटी कॅमेऱ्याच्या पाठीत. इतक्या वर्षांत तिच्या हातून एक काच उलटी गेली नव्हती. हे गिऱ्हाइकाला माहीत नसेल तर ती स्वतः सांगायची.

लग्नसराईत अडचण व्हायची. कॅमेरा लग्नाला गेला की दुकान बंद. नवे कपडे घालून आलेली माणसं दारावरूनच परत जात. दुसरा कॅमेरा हवाच होता. माघ महिन्यात कळलं की कामठीच्या छावणीतला एक म्हातारा गोरा फोटोग्राफर दुकान मोडून विलायतेला निघालाय. तिघंही टांग्यानं गेली. जागेश्वर आईला नको म्हणत होता.

"काहून? माग घ्यायला कोष्टीण नेत नाहीत का?" असं म्हणून जिजाबाई सगळ्यांआधी टांग्यात जाऊन बसली होती.

म्हाताऱ्यानं टेबलावर दोन कॅमेरे मांडले होते. एक रुपरावाच्या कॅमेऱ्याचा जणू सख्खा भाऊ. दुसरा काळ्या चामड्याचा, घडी घातली की पोथीएवढा होणारा. आत काच नाही, फितीची गुंडाळी. अनुसयेनं तो उचलला, उघडला, पोटाशी धरून वरून आत डोकावली आणि हसली. लग्नानंतर तिला असं हसताना जिजाबाईनं पाहिलं नव्हतं.

अनुसया काही नुसती पोळ्या लाटणारी नव्हती. काचेवर बारीक पेन्सिल चालवून देवीचे व्रण पुसणं, मोठ्या कॅमेऱ्यावर फोटो घेणं, सगळं ती नवऱ्याकडून शिकली होती. महाल पेठेतल्या ज्या घरांत बायका पुरुषासमोर येत नसत, तिथून तिलाच बोलावणं यायचं. पण कॅमेरा, त्याचा तीन पायांचा घोडा, काचांच्या पेट्या हे सगळं उचलायला दोन गडी लागत, आणि गडी म्हणजे पुन्हा पुरुषच.

"माय, हा लहान घेऊ," जागेश्वर म्हणाला. "अनुसया एकटी घेऊन जाईन कोठीही."

"बाईमाणूस गळ्यात डबा अडकवून हिंडन? अन् गिऱ्हाईक काय म्हणन? फोटो काढाले बोलावलं अन् हे खेळणं घेऊन आले!"

"दोनों अच्छा है, माईजी," म्हातारा म्हणाला. "काम कौन-सा है, वो देखो."

जिजाबाईनं मोठ्या कॅमेऱ्याचे सांधे बोटांनी चाचपले. फडक्याखाली डोकं घालून भात्यात कुठून उजेड येतो का पाहिलं. मग सोबत आणलेली घरची पेटी त्याच्या पाठीत सरकवली. ती चपखल बसली, आणि तिचा निकाल लागला. विणकराच्या घरात दोन माग ठेवायचे तर एका मापाचे ठेवतात, म्हणजे याची फणी त्याला लागते आणि एक अडला तरी काम थांबत नाही. हे ती बापाच्या घरी शिकली होती. कॅमेऱ्याला वेगळा कायदा कशाला?

"हा घेऊ. याच्या पेट्या त्याले, त्याच्या याले."

"आत्याबाई," अनुसया हळूच म्हणाली, "यमुमावशी..."

"यमी काय कॅमेऱ्यातलं समजते? ठेव तो डबा खाली."

अनुसयेनं कॅमेऱ्याची घडी घातली आणि तो होता तिथे ठेवला. "हव, आत्याबाई."

यमी म्हणजे यमुताई, जिजाबाईची धाकटी बहीण. उमरेडला दिलेली. तिच्या हातच्या रेशीमकाठी धोतराला नागपूरचे व्यापारी घरी येऊन थांबत. एवढी गुणाची बाई, पण फोटो म्हटलं की उठून आत जायची. रुपरावानं किती वेळा गळ घातली! "त्या काळ्या फडक्याखाली तोंड लपवून भाऊजी काय पाहून राहिले, कोणाले मालूम!" म्हणायची आणि पदरात हसायची. फोटोवाल्याच्या घरात भिंतभर तसबिरी. साऱ्या गणगोताच्या, यमीची तेवढी नाही. दोघी बहिणींची एकत्र तर नाहीच.

फाल्गुनात उमरेडहून कार्ड आलं. यमुताईच्या मुलाचं. अनुसयेनं वाचून दाखवलं: मायचं अंथरूण सुटत नाही. जिजाबाईसोबत एक फोटो काढायचा म्हणते, पण वहिनीनंच काढावा, पुरुष कोणी नको.

जिजाबाई उठून आत गेली, ठेवणीतलं लुगडं काढलं, पुन्हा ठेवलं, दुसरं काढलं. "साठ वर्षं गेली हिले अक्कल याले," म्हणाली, पण आवाज काही तिखट निघाला नाही.

सासू-सून इतवारीहून छोट्या रुळांच्या आगगाडीनं निघाल्या. सोबत कामठीचा कॅमेरा. हमालानं चढवला, उमरेडला भाच्यानं उतरवला आणि घरात ठेवून तो बाहेर गेला.

यमुताईला पाहिलं आणि जिजाबाईचं तोंड उघडंच राहिलं. बहिणीची मान सारखी हलत होती, वाऱ्यावरच्या पानासारखी. थांबतच नव्हती.

"हे कधीपासून वं, यमे?"

"दिवाळीपासून. चांगलं हाये. कोणी काही इचारलं का नाही म्हणतच राह्यते."

जिजाबाई हसली, मग डोळे पुसले, मग तिला रागावली. हे सगळं एका दमात.

खाट आतल्या खोलीत होती, एका खिडकीची. मधे मागाचा खड्डा. यमुताईला उचलून अंगणात न्यायची सोय नव्हती; जरा उभं केलं की दम लागे. कॅमेऱ्याचा घोडा खाटेजवळ मावेना. अनुसयेनं तो खड्ड्यापलीकडे, भिंतीला टेकवून उभा केला. उजेड थोडा, भिंग दूर. ती फडक्याखाली बराच वेळ राहिली. बाहेर आली तेव्हा तिचा चेहरा उतरला होता.

"मावशी, मी आठ मोजीन. तवरीक..."

"हलू नको म्हणतं ना? माह्या मानेले सांग, बाई. ते माह्यं ऐकत नाही."

जिजाबाई खाटेवर बहिणीशेजारी बसली. फोटोत कसं बसायचं ते तिला कोणी शिकवायला नको होतं. तिनं यमुताईचा हात आपल्या मांडीवर घेतला आणि घट्ट दाबून धरला, जणू हात धरला की मानही थांबेल. अनुसयेनं भिंगाचं टोपण काढलं. एक, दोन, तीन. यमुताईनं दात ओठांवर रोवले होते. चार, पाच. जिजाबाई समोर बघत होती, आणि शेजारी ती मान हलताना तिला खांद्याला जाणवत होती. आठ. अशा तीन काचा झाल्या.

"आला का वं बरोबर?" यमुताईनं विचारलं.

अनुसया टोपण लावत होती. "हव, मावशी," ती म्हणाली.

नागपूरला काचा धुतल्या. तिन्ही सारख्याच. जिजाबाई अशी आली होती की लुगड्याच्या काठातली वीण मोजून घ्यावी. आणि तिच्या शेजारी मानेच्या वर धूर. चुलीवरून उठतो तसा. नाक नाही, डोळे नाहीत. तिच्या मांडीवरचा यमुताईचा हात मात्र स्पष्ट, नखाजवळ धाग्यानं पडलेल्या घट्ट्यासकट.

"पुन्हा जाऊ," जागेश्वर म्हणाला. "कामठीचा लहान कॅमेरा अजून तिथीच हाये. विकत घेऊन येतो."

जिजाबाई या वेळी नको म्हणाली नाही. तो कामठीला गेला त्याच दुपारी उमरेडचा माणूस दारात उभा राहिला. त्यानं पायातल्या चपला काढल्या नाहीत आणि पाणीही मागितलं नाही, तेव्हाच तिला समजलं.

यमीचं तेरावं आटोपून ती परतली. दोन दिवस कोणाला काही लागेल असं बोलली नाही. भाजीवालीनं कुजकी वांगी दिली, तीही घेऊन आली. तिसऱ्या दिवशी अनुसया खिडकीशी बसली होती, समोर तीच काच, हातात बारीक केलेली पेन्सिल.

"काय करून राहिली?"

"आत्याबाई, म्हणत असान तं मावशीचा चेहरा पेन्सिलनं उतरवते. मले आठोते. दिवाळीनंतर आम्ही उमरेडच्या लग्नाले गेलो होतो ना, तवा लई वेळ पाह्यला होता."

जिजाबाई खाली बसली. "तवा तिची मान हालत होती?"

"हव."

"अन् तू मले सांगतलं नाही."

"मावशीनं शपथ घातली होती. जिजाबाई धावत येईन अन् मले झापीन, म्हणे." अनुसया काचेकडेच बघत होती. "त्या लग्नात कोणापाशी लहान कॅमेरा होता. पापणी लवायच्या आत फोटो निघे. मावशी म्हणाल्या, असा डबा तुह्या हातात असन तं मी बी बसन वं, जिजाबाईच्या शेजारी. म्हणून कामठीले मी..."

पुढे सांगायची गरज नव्हती. म्हाताऱ्याचं टेबल जिजाबाईच्या डोळ्यापुढे आलं, आणि स्वतःचा आवाज कानात. यमी काय कॅमेऱ्यातलं समजते. यमीनं तर निवडूनही ठेवला होता.

तिनं काच उचलून उजेडात धरली. काचेत सगळं उलटं असतं, काळं ते पांढरं. धूरही तिथे काळा दिसत होता. हात तेवढा ओळखू येत होता. तिनं काच खाली ठेवली आणि सुनेच्या हातातली पेन्सिल काढून घेतली.

"याच्यावर काही काढू नको. जे आलं नाही ते आलं नाही. असाच कागदावर छाप अन् भिंतीवर लाव, माह्या खाटेसमोर. आता आयक. त्या दिवशी तू बोलायले लागली होती अन् मी तुह्यं बोलणं तोडलं. यमीचा फोटो माह्या तोंडानं गेला. हे मी एकदा म्हणून राहिली, दुसऱ्यांदा इचारशील तं कबूल होणार नाही. पण तुले बी सोडत नाही मी. तुले मालूम होतं, अन् तू डबा खाली ठेवला. एवढी कशाची भेली वं? खाल्लं असतं का मी तुले? जागेश्वरानं आणलेला तो लहान कॅमेरा आता तुह्या खुंटीवर राहीन, त्याले मी हात लावणार नाही. अन् यापुढं तुले जे दिसते ते मले दिसत नसन, तं हव म्हणून उठायचं नाही. भांडायचं माह्यासंग. बहुतेक वेळा मीच जिंकीन. तरी भांड."