इंझोरीला गेलेली भुकटी

खलात बारीक झालेली काळी भुकटी बाटलीतच जायची असते, यावर शेलूबाजारच्या जमशेदमामूंची आयुष्यभर श्रद्धा होती. ते सुरमा विकायचे. त्यामुळे सुट्टीत आलेल्या भाचीनं, नमरानं, तिच्या संशोधनाची चिमूटभर भुकटी घोटायला दिली तेव्हा मामूंनी ती जीव ओतून घोटली आणि सवयीनं बाटलीत भरून फळीवर ठेवली. सुरम्याच्या बाटल्यांत.

नमरानं फळीवरच्या सगळ्या बाटल्या खाली उतरवल्या. लँथॅनम मँगनाइटात थोड्या लँथॅनमच्या जागी स्ट्रॉन्शियम बसवलं, की ते घरातल्या साध्या तापमानालाही चुंबकाचं ऐकू लागतं. इलेक्ट्रॉनच्या फिरकीवर चालणाऱ्या उद्याच्या चिप असल्याच पदार्थांतून व्हायच्या आहेत. तिच्या आधीच्या सगळ्या भुकट्या थोड्या उष्णतेतच फसल्या होत्या. हीच काय ती आशा, आणि सोमवारी पुण्यात तिची मोजणी.

जुन्या स्पीकरचं चुंबक तिनं एकेका बाटलीला लावून पाहिलं. कुठंच काही हललं नाही.

"एक इकली," मामू हळूच म्हणाले. "इंझोरीच्या दौलतरावले."

जीपमध्ये मामू दौलतरावांच्या डोळ्यांसाठी दुआ मागत होते, नमरा भुकटीसाठी. मग तिला लाज वाटली आणि तिनं त्यांचे डोळेही आपल्या दुआत घातले.

दौलतराव ओसरीवर तोंड पाडून बसले होते.

"लावला का सुरमा?" मामूंनी उतरता उतरताच विचारलं.

"लाऊ कुठं देते हे बाई!"

"या वयात नटून कोणाले दाखोतं?" त्यांच्या पत्नी प्रयागबाई आतून कडाडल्या. "म्या तुरीच्या डब्यात लपोली बाटली!"

बाटली आली. नमरानं चुंबक काचेला टेकवलं. भुकटी केसाळ अळीसारखी उभी राहिली आणि चुंबकामागं काचेवर चढू लागली. वाशिमच्या उन्हात माणसं सैल पडतात. ही भुकटी पडली नव्हती.

"अरे बापा! हे माह्या डोयात जाणार होतं?" दौलतराव म्हणाले.

नमरा रडत प्रयागबाईंच्या गळ्यात पडली, मग मामूंच्या. "मामू, किती बारीक घोटली तुमी!"

"अवं पोरी, म्या इकली बी!"

"रडून कायले राह्यली?" प्रयागबाईंनी पदरानं तिचे डोळे पुसले. "चा पे."

प्रबंधाच्या आभारात तिनं लिहिलं: "श्रीमती प्रयागबाई, इंझोरी यांचे, पतीस सुरमा लावू न दिल्याबद्दल."

मार्गदर्शकांनी विचारलं, "हे काढता येईल का?"

"येईल सर," नमरा म्हणाली, "पण मग निष्कर्षही काढावे लागतील."