परत आलेली पिशवी

“तुमच्या भिंतीवरच्या त्या टीव्हीनं रक्त अडवलंय, साहेब! आणि सकाळपासून सांगतोय मी तुम्हाला.”

बंबकाका दार न वाजवताच केबिनमध्ये घुसले होते. रुग्णालयाचा सर्व्हर सांभाळणं हे त्यांचं काम. रोज कुठे ना कुठे आग लागायची आणि विझवायला यांनाच पळावं लागायचं, म्हणून हे नाव पडलेलं. साहेब टायची गाठ नीट करत होते. वरून पाहुणे पाहणीला यायचे होते ना!

“बंब, आवाज खाली. रीस्टार्ट करा म्हटलं होतं.”

“केलं की. पुन्हा तुंबलं.”

तुंबणारच. सगळ्या नोंदी जिथे साठतात त्या डेटाबेसकडे जायला ठरावीकच कनेक्शनं असतात; काम झालं की ज्यानं त्यानं आपलं परत द्यायचं. साहेबांच्या हौसेखातर घाईघाईत लिहून घेतलेला हा टीव्हीवर रुग्णालयाचे आकडे दाखवणारा प्रोग्रॅम सतत नवं कनेक्शन घ्यायचा आणि परत द्यायचं नाव नाही. खाटा किती, समाधानी रुग्ण किती, सगळं हिरवंगार! आणि खाली रक्तपेढीची खिडकी एका कनेक्शनसाठी ताटकळत. बंबकाकांची सकाळ तरी कुठे शहाणपणात गेली होती? आधी नेटवर्कवाल्याला उगाच झापलं, मग पासवर्ड तपासले, मग वैतागून कनेक्शनांची मर्यादाच वाढवली. टीव्हीनं तीही गिळली, वर डेटाबेस धापा टाकायला लागला.

खिशातला फोन वाजला. रक्तपेढीतल्या ताई.

“काका, बाळंतिणीचा रक्तस्राव थांबत नाहीये. न्यायला माणूस येऊन उभा आहे. पिशवी माझ्या हातात आहे हो! पण कॉम्प्युटरवर तिचा नंबर पडल्याशिवाय देऊ कशी?”

“अहो, हातानं लिहून द्या ना!”

“हातानं द्यायचं नाही असं साहेबांचंच पत्रक आहे. आधीच्या माणसाला त्यावरूनच घरी बसवलं, विसरलात? मला पोरं आहेत, काका.”

बंबकाकांनी फोनचा स्पीकर लावून तो टेबलावर आपटला. “साहेब, नुसतं ‘द्या’ म्हणा. ऐकतायत त्या.”

साहेबांनी फोनकडे पाहिलं, मग टीव्हीकडे.

“असं तोंडी सांगता येत नसतं. पाहुणे जाऊ द्यात, मग बघू. तुम्हाला प्रत्येक गोष्टीत आगच दिसते!”

बंबकाकांच्या डोक्यात तिडीक गेली. टीव्हीमागच्या छोट्या कॉम्प्युटरची वायर त्यांनी उपटली. हिरवंगार रुग्णालय काळं पडलं. तेवढ्यानं भागणार नव्हतं. गिळलेली कनेक्शनं सोडवायला सर्व्हर पुन्हा उठवणं भागच. साहेबांच्या टेबलावरचे गुच्छ ढकलून त्यांनी लॅपटॉप उघडला. सर्व्हर आळस देत उठत होता. बंबकाकांचा पाय फरशीवर थडथड उडत होता.

“आला का नंबर?”

“नाही... अजून नाही... थांबा, आला! आला, काका!”

फोनमधून कुणाच्या तरी धावत्या चपला ऐकू आल्या.

“याचा लेखी खुलासा द्यावा लागेल,” साहेब म्हणाले.

“देतो की. भरपूर देतो.”

पाहुणे आले, चहा पिऊन निघाले. टीव्ही दुरुस्तीला काढलाय असं साहेबांनी हसत सांगितलं. बंबकाका आपल्या खोलीत खुर्चीत बसत होते, उठत होते. कनेक्शनं जात होती, परत येत होती. तरी जिवाला स्वस्थता नव्हती.

ताई स्वतःच वर आल्या. दारातच थांबल्या.

“पिशवी परत आली, काका. वॉर्डात पोचली तेव्हा उशीर झाला होता, फोडलीच नाही त्यांनी.”

बंबकाकांनी समोरचा लॅपटॉप मिटला.

“परतीची नोंद करायला घेतली. पान चटकन उघडलं हो, कुठेच अडलं नाही. पण कारण भरल्याशिवाय पुढे जात नाहीये.”

बंबकाका उठले. “चला.”

साहेब पाहुण्यांना गाडीपर्यंत सोडून जिन्यानं वर येत होते. दोघं त्यांच्या वाटेत उभे राहिले.

“माझा खुलासा मी लिहितोच, साहेब. आधी या ताईंचा रकाना भरा. पत्रक तुमचं, टीव्ही तुमचा. रक्त न वापरता परत आलं, त्याचं कारण काय लिहायचं? बोला, काय लिहू?”