गरम पाण्यात धुतलेली घोंगडी

मित्रांनो, माझं वय सव्वीस वर्षं. घोंगडीच्या मानाने मी म्हातारीच म्हणायची.

वेल्ह्याच्या डोंगरात, पायथ्यापासून दोन तासांच्या चढावर सहा घरांची धनगरवाडी आहे. तिथल्या काळ्या मेंढ्यांची लोकर सारजाबाईंनी कातली आणि सोनबा विणकरांनी मागावर मला विणलं. मग चिंचोके वाटून, शिजवून केलेली खळ कुंच्याने माझ्या अंगात भरली. ती सुकल्यावर मी इतकी ताठ झाले, की भिंतीला टेकवलं तर उभी राहीन. पाऊस पडला तरी माझ्यावरून ओघळून जायचा.

वाडीत मला मान होता. पाहुणा आला की मला अंथरत. भांडण मिटवायचं तर माझ्यावर बसून, शपथ घ्यायची तर माझ्यावर हात ठेवून. वर्षातून एकदा बिरोबापुढे मला पसरत आणि देवाची हळद, म्हणजे भंडारा, माझ्यावर उधळत. तो कुणी कधी झटकला नाही. माझ्या धाग्याधाग्यांत मुरत गेला.

दोन वर्षांपूर्वी रिनी सिस्टर आली. ती मिझोरामची. आजाऱ्यांची सेवा कर आणि येशूची गोष्ट सांग, असं म्हणून तिच्या गावच्या चर्चच्या मंडळीने तिला इतक्या लांब पाठवलं होतं. पायथ्याच्या मिशन दवाखान्यातून ती दर बुधवारी औषधांची पिशवी घेऊन वर यायची.

"तुजा देव काय करतो गं?" एकदा सारजाबाईंनी तिला विचारलं.

रिनीचं मराठी पुस्तकी. ती म्हणाली, "तो मेंढपाळासारखा आहे, मावशी. त्याच्या शंभर मेंढ्या होत्या. एक हरवली. तो नव्व्याण्णव तिथेच सोडून तिला शोधायला गेला."

"आन् त्या कुणाच्या भरवशावर सोडल्या?"

"गोष्टीत तसं सांगितलेलं नाही."

"कुत्रं तरी असंल की. बिनकुत्र्याचा मेंढका म्हंजी निव्वळ येडा." सारजाबाई जरा थांबल्या. "पर गेला ते बरं केलं. एक जरी चुकली तरी जीव थाऱ्यावर ऱ्हात न्हाई."

रिनीने दोन्ही मतं वहीत लिहून घेतली.

गेल्या श्रावणात एका बुधवारी वाऱ्याने तिची छत्री उलटी केली. मी हाताशी होते म्हणून सारजाबाईंनी मलाच खुंटीवरून काढून तिच्या डोक्यावर घातलं. त्याच दिवशी रिनीने त्यांच्या सुनेचा, दिपालीचा, रक्तदाब मोजला होता. आठवा महिना, पायांवर सूज आणि आकडा चढलेला. "आता दर आठवड्याला मोजायलाच हवा," ती बजावून गेली.

उसनी आणलेली वस्तू स्वच्छ करूनच परत द्यायची, असं तिच्या घरचं वळण. खाली गेल्यावर तिने गरम पाण्यात साबणाची पूड टाकली आणि मला मनापासून चोळलं. पिवळं पाणी वाहू लागलं. तिला वाटलं, मळ निघतोय.

मित्रांनो, लोकरीच्या प्रत्येक केसावर डोळ्यांना न दिसणारे खवले असतात. गरम पाण्यात साबण लावून चोळलं, की ते एकमेकांत अडकतात आणि पुन्हा सुटत नाहीत. वाळले तेव्हा मी निम्मी उरले होते. खळ गेली, ताठपणाही गेला.

पुढच्या बुधवारी रिनी मला घेऊन मान खाली घालून वर आली. सारजाबाईंचे थोरले दीर कोंडिबा वाडीत सर्वांत वडील. त्यांनी मला उलगडलं, उजेडात धरलं.

"भंडारा कुटं गेला?"

"मी धुतला, बाबा. मला मळ वाटला."

"मळ?" कोंडिबांचा आवाज चढला. "ऐकलं का, सारजा? देवाचा भंडारा हिला मळ वाटतो. आता कळलं ही डोंगूर कशापायी चढती?"

"घोंगडी दिली म्या, भावजी. काय बोलायचं ते मला बोला."

माणसं जमली. मला मध्ये ठेवलं.

"हिच्यावर हात ठिव," कोंडिबा रिनीला म्हणाले. "हितून फुडं वाडीत तुज्या देवाचं नाव काढणार न्हाई, अशी शपत घे. न्हाईतर आल्या वाटंनं माघारी जा."

दिपाली दाराची चौकट धरून उभी होती. तिचा चेहराही आता सुजला होता. रिनीने तिच्याकडे पाहिलं. मग रिनीचा हात माझ्याजवळ आला. ठेव गं, मी मनात म्हणत होते, एवढं म्हणून टाक. हात बोटभर वर थांबला.

"बाबा, भंडारा धुतला ही माझी चूक. मी माफी मागते. पण ही शपथ माझ्याकडून पाळली जाणार नाही. कुणी विचारलं तर मी सांगणारच. न विचारता सांगणार नाही, आणि औषध देताना कुणाचा देव विचारणार नाही." तिने पिशवी खांद्याला लावली. "मी जाते. पण दिपालीला आजच खाली न्या. माझ्याबरोबर नको तर दुसऱ्या कुणाबरोबर. पण आजच."

कोंडिबा उठू लागले.

"बसा, भावजी," सारजाबाई म्हणाल्या. "हिला फसवायचंच असतं तर शपत घिऊन मोकळी झाली असती. ह्या घोंगडीवर हात ठिवून खोटं बोलल्याली आपलीच किती माणसं दावू? तुमच्यापास्नं सुरू करू का?"

मागे कुणीतरी फिसकन हसलं. कोंडिबांच्या मिशा हलल्या. ते घरात गेले आणि मूठभर भंडारा आणून माझ्यावर टाकला. उरलेली चिमूट त्यांनी रिनीच्या कपाळाकडे नेली, मग हात मागे घेतला.

"तुला इचारल्याबिगर कसा लावू?" ते पुटपुटले. "यंत्र काड. पोरीला बघ आदी."

आकडा वाईट होता. लगेच दुसऱ्या घोंगडीची डोली बांधली आणि माझी घडी दिपालीच्या उशाला दिली. निसरड्या उतारावर रिनी भीतीने आपल्या भाषेत प्रार्थनेचं गाणं पुटपुटू लागली.

"मोट्यानं म्हण," डोलीचा दांडा खांद्यावर घेतलेले कोंडिबा ओरडले. "पावलं ताळात पडत्यात!"

खाली जीप मिळाली. भोरच्या दवाखान्यात तिसऱ्या दिवशी दिपालीला मुलगी झाली. दोघी सुखरूप आहेत.

मित्रांनो, लोकर गार पाण्यात, न चोळता धुवा. आणि दुसऱ्याच्या घरातला डाग काढण्याआधी तो कशाचा आहे, हे त्यांना विचारा.

मी आता पाऊस अडवत नाही. दिपालीची लेक माझ्यावर झोपते आणि दिवसातून चार वेळा मला भिजवते. परवाच्या बुधवारी रिनीने मला धुवायला उचललं, आणि तशीच थबकून तिने कोंडिबांकडे पाहिलं.

"धू की," ते म्हणाले. "भंडारा डब्यात लई हाय."