तिसऱ्या ओंडक्याखाली

तिसरा ओंडका उचलून ऊर्मिलानं वर्तमानपत्रावर ठेवला आणि शेजारी पेन्सिलीनं ३ लिहिलं. गॅसच्या शेकोटीतले हे सिरॅमिकचे खोटे ओंडके ज्याच्या त्याच्या जागीच परत बसायला हवेत. जरा सरकले की ज्योत अडते, काजळी धरते आणि विषारी वायू खोलीत साचतो. दरवर्षी धुराडं तपासायला येणारा शॉर्नश्टाइनफेगर कालच हे बजावून गेला होता. त्यानं गॅसचा कॉक बंद करून वर लाल चिठ्ठी चिकटवली होती. बर्नर मंगळवारी मेकॅनिक साफ करणार होता. ओंडके आणि काच तेवढी तिनं मऊ ब्रशनं पुसायची.

"यात कोणीतरी खाणं जाळतंय," असंही तो म्हणाला होता.

तिसऱ्या ओंडक्याखाली भाताची शितं होती. कोळसा झालेली, तुपानं एकमेकांना चिकटलेली.

ऊर्मिलाचा हात थांबला. फेब्रुवारीत अशीच शितं सापडली होती, तेव्हा तिनं सासूबाईंना नको नको ते ऐकवलं होतं.

"आई, ही काही तुमची चूल नव्हे घास घालायला. घरात माझी चार वर्षांची ऊर्जा आहे. महिनाभर माझं डोकं दुखतंय ते काय उगाच?"

प्रभाबाईंचे यजमान जाऊन तेव्हा जेमतेम तीन महिने झाले होते, म्हणून तर त्या जर्मनीत र्युसेल्सहाइमला लेकाकडे आल्या होत्या. "चुकलं गं," एवढंच त्या म्हणाल्या. मग मुक्कामाचा महिना उरलेला असताना तिकीट बदलून साताऱ्याला परत गेल्या. नंतर कितीदा बोलावलं तरी त्यांचं एकच, थंडी सोसत नाही.

पण एप्रिलमध्ये माणूस बोलावून ही शेकोटी आतून लख्ख करून घेतली होती. ती पुन्हा पेटली ती सप्टेंबरच्या अखेरीस. आणि तिच्या काचेच्या दाराची खिटी ऊर्जाच्या हाताला येत नव्हती.

श्रीनाथ बाजाराच्या पिशव्या घेऊन आत आला. कागदावरची शितं पाहिली आणि पिशव्या तिथंच ठेवून तिच्यासमोर उकिडवा बसला.

"मी टाकतो," तो म्हणाला. "रोज जेवायच्या आधी बाबांच्या नावानं एक घास."

"तू? कंपनीत दिवसभर इंजिनांच्या धुराची मापं घेणारा तू?"

"बाबांना अग्नी द्यायला पोचलो नाही मी. बर्फात विमान अडकलं. धाकट्या मोहननं दिला. थोरला मी, ऊर्मिला." त्यानं चष्मा काढून पुसला. "इथं दुसरा विस्तव कुठाय?"

"आणि आईंना माहीत होतं?"

"पहिल्या दिवसापासून. तू बोललीस त्या दिवशी मी तुला सांगायला निघालो होतो. तिनं हात धरला. म्हणाली, गप्प बस. तुम्हा दोघांना संसार करायचाय, मी काय, चार दिवसांची पाहुणी."

"आणि तू गप्प बसलास."

ऊर्मिलाला त्याचा संताप आला, आणि त्याहून जास्त स्वतःची लाज वाटली. आणि ऊर्जा तर रोज याच शेकोटीसमोर खेळत असते.

"उद्यापासून घास बाल्कनीत ठेवायचा," ती म्हणाली. "इथं नाही."

त्यानं मान हलवली.

तिनं हात धुतले, फोनचं कार्ड खरवडून नंबर फिरवला. साताऱ्याला दिवेलागणीची वेळ होती. दोन घंटांतच फोन उचलला गेला.

"आई, मी ऊर्मिला. शेकोटी साफ करत होते. ओंडक्याखाली भात निघाला."

"अगं, तो माझाच राहिला असेल," प्रभाबाई घाईघाईनं म्हणाल्या. "मागच्या हिवाळ्यातला. श्रीनाथला काही बोलू नकोस हो."

एप्रिलच्या सफाईचं त्यांना ठाऊकच नव्हतं.

ऊर्मिलानं डोळे मिटून घेतले. श्रीनाथ पाठमोरा बसून तिसरा ओंडका ब्रशनं पुसत होता.

"आई," ती म्हणाली, "मी तिकीट पाठवते. थंडीचं नाव सांगू नका. घर उबदार असेल."