बटण दाबू नकोस

मामापुढे त्या बोटीवर कुणाची शिंकायचीही टाप नव्हती. इंजिन सांभाळणारा थोरला भाचा आणि जाळं ओढणारा धाकटा, दोघांनीही लहानपणापासून त्याच्या हातचा मार खाल्लेला. मासेमारीला बंदी असलेल्या पाण्यात शिरलं की मामा रेडिओवर पंजा ठेवून दरडावायचा, "इथं कुणी याला हात लावायचा नाही. एक शब्द बाहेर गेला की गस्तीची बोट आली, आणि माझं लायसन गेलं!"

रेडिओ बसवणाऱ्याने मात्र तिघांनाही वेगळंच बजावलं होतं. जिवावर बेतलं तर सोळा नंबरच्या चॅनलवर बेलाशक 'मेडे' म्हणून ओरडा, आणि मागची अँटेनाची वायर सुटलेली असेल तर बोलायचं बटण चुकूनही दाबू नका, सेट जळून जाईल. थोरल्याने ते मनात पक्कं धरलं होतं. मामाने फक्त मान डोलावली होती.

त्या दुपारी बंदीच्याच पाण्यात जाळं गुंडाळणाऱ्या विंचने धाकट्याचा हात ओढून घेतला. किंकाळी ऐकून थोरला खालून धावला, विंच उलटी फिरवली, तेव्हा कोपराखाली नुसतं मांस लोंबत होतं. त्याने दंडावर दोर करकचून आवळला. तरी रक्त थांबेना. धाकटा पांढराफटक पडत चालला होता.

"मामा, मदत मागव!"

मामा केबिनमध्ये आधीच पोचला होता. थोरल्याने आत धावत येऊन माईक उचलला तशी तो केवढ्याने ओरडला, "थांब! बटण दाबू नकोस!"

"तो मरतोय आणि तुला लायसनची पडलीय?"

"अरे, ऐक तरी..." म्हणत मामाने सेटच्या मागे हात घातला. वायरच उपटतोय मेला! थोरल्याच्या डोक्यात सणक गेली. कमरेला खोचलेला इंजिनाचा पाना उपसून त्याने मामाच्या कानशिलावर हाणला. मामा गुडघ्यावर आला, तरी त्याचा हात मागेच चाचपडत होता. थोरल्याने आणखी एक हाणला, आणि लहानपणापासूनचे सगळे हिशेब चुकते केल्यासारखा तिसराही. कवटी फुटल्याचा आवाज त्याला बरा वाटला. हो, बरा वाटला.

मग बटण दाबून तो माईकमध्ये जीव तोडून ओरडला, "मेडे, मेडे, मेडे!" पुन्हा ओरडला. पुन्हा. उत्तर नाही. सेटमधून जळका वास आला, धुराची रेघ निघाली आणि पडद्यावरचा सोळा विझला.

खाली मामाची मूठ घट्ट मिटलेली होती. थोरल्याने ती एकेक बोट सोडवत उघडली. आत अँटेनाच्या वायरचं टोक होतं, सेटला फिरवून बसवायच्या पितळी नटासकट. ती उपटलेली नव्हती, नीट फिरवून काढलेली होती. बंदीच्या पाण्यात शिरताना आवाज बाहेर जाऊ नये म्हणून मामानेच काढून ठेवली असणार, नेहमीसारखी, कुणाला न सांगता. आणि आत्ता तो ती जोडत होता. तेवढ्यासाठीच थांब म्हणत होता.

थोरल्याने नट बसवला, बटण दाबलं. काहीच नाही. त्याने मामाला गदागदा हलवलं, "ऊठ ना रे मामा, ऊठ!" मामा हलला नाही. किनारा कुठल्याच बाजूला दिसत नव्हता.

बाहेरून धाकट्याचा क्षीण आवाज आला, "दादा, लागला का रे रेडिओ? येतायत ना?"

"येतायत," थोरला म्हणाला. "निघालेत."