आईच्या कठड्यावरची शर्यत

आमच्या घरच्यांत मिळून बॅटरीवरच्या दोन पट्टा-कानशी हायत, आन् त्या चालवणारी दोन माणसं. मशिनींबद्दल माझी काय तक्रार न्हाई. त्या बिचाऱ्या बटण दाबलं की चालतात, सोडलं की गप बसतात. माणसांचं तसं न्हाई.

पैला माणूस आमचे मालक, अमृत. भोरला उत्रोलीच्या रस्त्यावर त्यांचं फॅब्रिकेशनचं दुकान हाय. गेट, ग्रिल, खिडक्या करतात. दुसरा माझा धाकटा भाऊ सम्राट, पुण्यात कंपनीत सुपरवायझर. तिथं तो काय करतो ते त्यालाच ठावं. पण मोबाईलवर हत्यारांच्या तुलनेचे व्हिडिओ बघतो, एवढं मला पक्कं ठावं हाय. कुठली मशीन किती व्होल्टची, कुणाची बॅटरी किती टिकते, सगळं तोंडपाठ. आन् घरात खिळा ठोकायचा झाला की माणूस बोलावतो!

मशीन म्हंजे ड्रिलसारखी मूठ, पुढं बोटाएवढी अरुंद पट्टी, आन् तिच्यावरनं पॉलिश पेपरचा पट्टा गरागरा फिरतो. ग्राइंडरची चकती जिथं शिरत न्हाई त्या सांदीत ही शिरते आन् लोखंडाची धार मारते. मालकांनी नसरापूरच्या दुकानातनं निळी आणली. ते कळल्याबरोबर सम्राटनं ऑनलाईन पिवळी मागवली. तवापासनं दोघांचं फोनवर एकच दळण.

"दाजी, तुमची निळी नुसती वजनाला जड. माझी पिवळी लोखंड लोण्यागत खाते."

"आरं जा! तुझ्या पिवळीचा पट्टा घडीघडीला सरकतोय. निळीवर उभा राहिलास तरी थांबायची न्हाई."

जेवताना ताट गार व्हायचं, पण निळी-पिवळी संपायची न्हाई. म्या मनातल्या मनात दोघांची आरती करायची.

आता आमची आई, साळूबाई. भाटघरला एकटी राहते. काचबिंदूनं दोन्ही डोळे गेलेत. घर उतारावर हाय. वर राहायची खोली, खाली मोरी, संडास आन् पाण्याची टाकी. मधी दगडी पायऱ्या, त्यांच्या एका अंगाला भिंत, आन् उघड्या अंगाला खाली भाताचं खाचर. मागं तिथनंच ती घसरली आन् मनगट मोडून घेतलं. तवा सम्राटनं फर्मान काढलं, "रविवारपतुर पायऱ्यांना कठडा झाला तर ठीक. न्हाईतर आईला पुण्याला नेतो."

पुण्याचं नाव काढलं की आई जेवत न्हाई. एकदा त्याच्या फ्लॅटवर राहून आली व्हती. नवरा-बायको सकाळी कामाला जायची आन् बाहेरनं कुलूप लावायची. "कोंबडी डालावी तसं डाललं व्हतं मला," म्हणाली. हितं तिला दगडन् दगड पायानं ठावा हाय. शेजारची फुलाबाई येता-जाता हाक मारते. तिला फक्त एक धरायला दांडी पायजे व्हती, बाकी काय न्हाई.

शनिवारी आमी टेम्पोत पाईप टाकून भाटघरला गेलो. सम्राटबी आला, पेटी घेऊन. आईकडं बघायच्या आधी दाजीची पेटी कुठाय ते बघितलं. मालकांनी खांब रोवले, वरचे पाईप जोडले. लाईट ये-जा करत व्हती. धरण उशाला आन् कोरड घशाला म्हणतात, आमच्याकडं लाईटीचंबी तेच. वळणावरच्या जोडाला मालकांनी घाईघाईत वरवर वेल्डिंग मारलं, आन् तेवढ्यात लाईट गेलीच.

"असू दे," मालक म्हणाले, "आता बॅटरीचंच काम हाय."

काम खरंच व्हतं. वेल्डिंगचे शितोडे सांदीत चिकटले व्हते, ते आईच्या तळहाताला लागले असते. एक-एक जोड घ्यायचा, शितोडे काढायचे, पुढं जायचं. पोरासोरांनाबी कळलं असतं. पण ह्या दोघांना काम करायचं नव्हतंच, त्यांना निकाल लावायचा व्हता!

वळणावरच्या एकाच जोडाला दोघं दोन्ही अंगांनी भिडले. सम्राटनं मोबाईलवर घड्याळ लावलं. आधी पिवळी घुर्रर्र. मंग निळी घुर्रर्र. ठिणग्या उडायला लागल्या. "दाजी, बघा चमक!" "हॅट्, ही बघ चमक!" पट्टा बदलला, परत घुर्रर्र. मोबाईलवर फोटो. "आता बारीक पट्टा लावून बघू." बॅटरी बदलली, परत तोच जोड. बाकीच्या जोडांचे शितोडे जिथल्या तिथं.

फुलाबाई दारातनं बघत उभी व्हती. जयभीम झाल्यावर म्हणाली, "छाया, आगं हे कठडा करत्यात का बैलं पळवत्यात?"

"बैलांना अक्कल असते मावशी," म्या म्हणलं.

तेवढ्यात वरच्या उंबऱ्यातनं आईचा आवाज आला. "छाये, मशिनी गप झाल्या. झालं का? येऊ का मी?" आन् तिनं एक पाय बाहेर टाकलासुदिक. लई दिसांनी आपल्या पायांनी खाली जायचं म्हणून नवं लुगडं नेसली व्हती.

म्या वाकून जोड बघितला. घासलेल्या तांब्यागत लखलख करत व्हता. पण दोन पाईपांच्या मधी केसाएवढी काळी रेघ दिसत व्हती. वर वेल्डिंग उरलंच नव्हतं.

"थांब आई! हलू नगंस!" मी ओरडले. मंग ह्या दोघांकडं वळले. "वेल्डिंग कुठाय?"

"स्मूथ झालंय," मालक म्हणाले. "हात फिरवून बघ."

"हात फिरवायला न्हाई, धरायला केलाय कठडा. या दोघं. टाका भार अंगाचा."

दोघांनी एकमेकांकडं बघितलं. सम्राट म्हणाला, "ताई, तापलाय अजून. गार होऊ दे." मालक म्हणाले, "रंग बसला की बघू." आन् हात दोघांचेबी मागं! जिथं आंधळी बाई विश्वासानं हात ठेवणार व्हती, तिथं ह्या धडधाकट गड्यांची बोट टेकवायची छाती व्हईना. शिसारी आली मला त्यांची.

म्या भिंतीकडं पाय रोवले आन् पाईप तळहातानं जोरात ढकलला. टच्‌कन जोड सुटला. पाईप बाहेरच्या अंगाला वाकला आन् खाचरावर लोंबायला लागला.

मंग काय सांगू! आतापतुर जे भांडण व्हतं ते उलटं झालं.

"तुझी पिवळीच जास्त खाते. तूच म्हणत व्हतास, लोण्यागत!"

"माझी? ते खेळणं हाय दाजी, दाबलं की थांबतंय. तुमच्या निळीनं खाल्लं सगळं."

"निळी? आरं, तिला नुसतं वजन हाय!"

स्वतःच्या तोंडानं स्वतःची मशीन भिकार ठरवायला दोघं हमरीतुमरीवर आले. आन् शेवटी सम्राट माझ्याकडं वळून म्हणतो कसा, "बघितलंस ना ताई? हितं आईचं काय खरं न्हाई. उद्या सकाळी तिला घेऊनच जातो."

चोराच्या उलट्या बोंबा! "स्वतः कापलास आन् स्वतःच निकाल देतोस, लाज वाटते का?" असं म्या म्हणलं खरं. पण रविवार उद्याच व्हता, लाईटीचा पत्ता नव्हता, आन् कठडा लोंबत व्हता.

आई सगळं ऐकत व्हती. ती वरच्या पायरीवर बसली. लुगडं नीट गुडघ्यांखाली आवरलं. मंग टाचेनं खालची पायरी चाचपली, दोन्ही हात दगडावर टेकले आन् बसल्या बसल्या खाली सरकली. मंग पुढची पायरी. मोडलेल्या मनगटावर भार आला की तोंड वाकडं करायची, पण थांबली न्हाई. मालक धरायला पुढं झाले, तर म्हणाली, "जावईबापू, अंगाला हात लावायचा न्हाई."

मी खालच्या पायरीवर जाऊन उभी राहिले आन् जीव मुठीत धरून बघत राहिले. नव्या लुगड्याला माती लागली. वळणावर आली तशी ती भिंतीच्या अंगाला सरकली आन् लोंबत्या पाईपाजवळनं न चाचपता गेली.

खाली पोचल्यावर उठली. टाकीपतुर गेली, नळ सोडला, हात धुतले, तोंड धुतलं, पदरानं पुसलं. मंग तोंड वर केलं, सम्राट उभा व्हता बरोब्बर तिकडं.

"हितं ह्या पायऱ्या हायत बाबा," ती म्हणाली. "तितं तू हाईस, आन् तुझं कुलूप. मी हितंच ऱ्हाते."